दुधाच्या किटलीबरोबर खाली गेलेल्या बॅटऱ्या: धनगरवाड्यावरचे नऊ दिवस

पार्श्वभूमी

कोल्हापुरात मी कॅमेरे, फ्लॅश आणि चार्जर दुरुस्त करतो. गिऱ्हाईक बहुतेक लग्नाचे फोटोग्राफर. कार्यालयात चार पावलांवर प्लग असतो, त्यामुळे बॅटरीची त्यांना फारशी चिंता नसते. जिथे लाइटच नाही तिथे आठ-नऊ दिवस कॅमेरा चालवायचाय, काय न्यायचं, असं विचारायला फार थोडे येतात. जे येतात तेही परत आल्यावर. या प्रकरणातला छायाचित्रकारही तसाच आला. काउंटरवर चार बॅटऱ्या मांडल्या आणि म्हणाला, "यातल्या खऱ्या किती आणि नावाच्या किती, तेवढं मोजून सांगा."

मी मोजलं. मग त्याला आणि त्याच्याबरोबर गेलेल्या अभ्यासक ताईंना दुकानात बसवून, ताईंच्या वहीवरून एकेक दिवस लिहून काढला. दोघांच्या परवानगीने हे लिहितोय. नावं आणि वाडीची ओळख दिलेली नाही.

जागा राधानगरी तालुक्याच्या पश्चिम अंगाची, घाटमाथ्यालगतची. गव्यांसाठी 1958 साली अभयारण्य झालेलं दाजीपूरचं जंगल तिथून दिसतं. कोल्हापूरहून दाजीपूर 80 किलोमीटरच्या आसपास. हा धनगरवाडा त्याच्या अलीकडे, डांबरी सोडून सव्वादोन तासांची चढण. सात-आठ घरं. देशावरचे धनगर मेंढरं राखतात, हे डंगे धनगर म्हशी राखतात. दुधावर आणि नाचणीवर घर चालतं. विजेची तार वर आलेली नाही. दोन घरांवर छोटी सोलर पाटी, तिच्यावर दोन दिवे आणि मोबाईल लावायची एक पिन, एवढीच वीज.

काम असं होतं: दसऱ्याच्या सुमाराला रात्री होणारी गाणी आणि घरातल्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या चित्रित करायच्या. गिरणी गावोगाव झाल्यापासून जातं बहुतेक घरांत कोपऱ्यात उभं आहे. या आजी मात्र नाचणी अजून हाताने दळतात, कारण खाली गिरणीला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस. म्हणून ओव्या टिकल्या. ताई दोन वर्षं या घरात जाऊन-येऊन होत्या, पण कॅमेरा पहिल्यांदाच वर जात होता.

निघतानाचा हिशेब

कॅमेरा मिररलेस, जुन्या पिढीचा, लहान बॅटरीचा. अशा बॅटरीवर 7.2 व्होल्ट आणि 1020 एमएएच (मिलिअँपिअर-तास, बॅटरीत किती साठतं त्याचं माप) लिहिलेलं असतं. बरोबर चार बॅटऱ्या: दोन कंपनीच्या, तीन वर्षं वापरलेल्या, आणि दोन स्वस्तातल्या, ज्यांच्यावर 1500 एमएएच छापलं होतं. एक 20000 एमएएचची पॉवर बँक. घडीचं 21 वॉटचं सोलर पॅनेल. कॅमेऱ्यालाच लावायची यूएसबी केबल, एकच. आणि भिंतीला लावायचा कंपनीचा चार्जर, जो वर कामाचा नाही हे माहीत असूनही "असू दे" म्हणून पिशवीच्या तळाशी गेला.

त्याने कागदावर मांडलेला हिशेब मी पाहिला आहे. 20000 भागिले 1020, म्हणजे एकोणीस बॅटऱ्या आणि वर थोडं. त्यात भरून नेलेल्या चार. तेवीस बॅटऱ्या, नऊ दिवस, दिवसाला अडीच. शिवाय सोलर. भरपूर झालं.

हा हिशेब मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलाय की इथे जरा थांबतो. एमएएच हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो किती व्होल्टवरचा, हे सोबत धरावं लागतं. पॉवर बँकेचे 20000 एमएएच तिच्या आतल्या सेलचे, म्हणजे 3.7 व्होल्टवरचे. कॅमेऱ्याचे 1020 एमएएच 7.2 व्होल्टवरचे. दोन्हीची तुलना वॉट-तासांत करायची: एमएएचला हजाराने भागा, व्होल्टने गुणा. पॉवर बँक 74 वॉट-तास. कॅमेऱ्याची बॅटरी 7.3 वॉट-तास. कागदावरच एकोणिसाच्या दहा झाल्या.

त्या दहासुद्धा मिळत नाहीत. बँक 3.7 चे 5 व्होल्ट करते, त्यात साधारण 15 टक्के जातात. हातात राहतात 63. पुढे कॅमेरा किंवा चार्जर त्या 5 चे पुन्हा 8.4 पर्यंत नेऊन बॅटरी भरतो, तिथे आणखी वीस टक्क्यांच्या आसपास उष्णतेत जातात. शेवटी बॅटरीत उतरतात ते 50 वॉट-तास. म्हणजे सात बॅटऱ्या. एकोणीस नव्हे, सात.

आता खर्चाची बाजू. चित्रीकरण चालू असताना हा कॅमेरा माझ्या टेबलावर सुमारे 5 वॉट खातो. दिवसाला दीड तास व्हिडिओ धरला तर साडेसात वॉट-तास, फोटो आणि चालू-बंद यांचे तीन-साडेतीन, मिळून रोजचे 11. नऊ दिवसांचे 99. एका बॅटरीत किती फोटो निघतात याचा जो आकडा कॅमेऱ्याबरोबर येतो (या कॅमेऱ्याचा 360), तो जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेने, सिपाने, ठरवलेल्या पद्धतीने काढलेला असतो. तो फोटोंचा आकडा आहे, व्हिडिओच्या कामाला त्याचा आधार घेता येत नाही. त्याने तोच धरला होता.

आणि चार बॅटऱ्या? कंपनीच्या दोन्ही वयाने उतरलेल्या, प्रत्येकी 5.6 वॉट-तास निघाल्या. 1500 छापलेल्या दोन्ही 690 एमएएचच्या आसपास, म्हणजे 5 वॉट-तास. छापलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवला तर त्याच्याकडे 36 वॉट-तास होते, खरे होते 21. निघायच्या आदल्या दिवशी एक बॅटरी भरून, कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) ठेवून, संपेपर्यंत चित्रीकरण केलं असतं तर हे घरीच कळलं असतं. त्याला लागतो दीड तास.

अडचण कशी वाढली

पहिल्या दिवशी दुपारी पोचले, फारसं काम झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन स्वच्छ. पॅनेल अंगणात पसरलं. अकरानंतर फणसाची सावली त्याच्या एका पानावर आली. हे सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एका पानावर सावली आली की सगळ्या पॅनेलची वीज पडते. बाकीची तीन पानं उन्हात चमकत होती म्हणून त्याला वाटलं काम चालू आहे. त्या रात्री गाणी रंगली आणि त्याने सगळंच व्हिडिओत घेतलं. अडीच तासांत दोन बॅटऱ्या रिकाम्या झाल्या आणि तिसरी अर्धी.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. परतीच्या पावसाची चिन्हं. पॅनेलवर दीड-दोन वॉटसुद्धा धड येत नव्हते. त्यात दोघांचे फोन. वाडीवर रेंज नाही, आणि रेंज शोधत बसलेला फोन बॅटरी भराभर संपवतो. विमान मोडवर टाकायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तीन दिवसांत फोनांनी पॉवर बँकेतले तीसेक वॉट-तास ओढले होते. म्हणजे कॅमेऱ्याच्या चार-पाच बॅटऱ्या फोनांनी खाल्ल्या.

पण वीज कमी पडणं हा अडचणीचा अर्धाच भाग. दुसरा अर्धा केबलचा होता. वर बॅटरी भरायचा एकच मार्ग: बॅटरी कॅमेऱ्यात घाला, कॅमेरा बंद करा, केबल लावा. एका वेळी एक बॅटरी, चार तास. या चार तासांत कॅमेरा वापरता येत नाही. भरायला मोकळा वेळ रात्रीचा, आणि काम तर रात्रीचं आणि पहाटेचंच.

तिसऱ्या रात्री गाणी आटोपल्यावर अकराला त्याने स्वस्तातली एक बॅटरी कॅमेऱ्यात घालून बँकेला लावली. फोन दोन्ही घराच्या सोलरच्या पिनेला लावले, यजमानच म्हणाले होते, "लावा की पावणं, त्यात काय हाय." पहाटे तीनला उठून बॅटरी बदलायचं ठरवलं होतं, डोळा लागला.

साडेचारला जात्याची घरघर सुरू झाली. ताई आधी उठल्या, हा कॅमेरा घेऊन धावला. रात्री कधीतरी पॉवर बँकेने पुरवठा बंद केला होता. बऱ्याच बँका ओढला जाणारा प्रवाह फार कमी झाला की फोन भरला असं समजून बंद होतात, आणि कॅमेरा मुळात हळूहळू घेतो. पडद्यावर 60 टक्के दिसत होते. आजी माहेरच्या वाटेची ओवी गात होत्या, ताईंनी आधी कधी न ऐकलेली. या पिढीच्या कॅमेऱ्यांत एक क्लिप 29 मिनिटांपुढे जात नाही, म्हणून त्याने पुन्हा बटण दाबलं. त्यानंतर नऊ मिनिटांनी 60 चे एकदम शून्य झाले. बाकीच्या तिन्ही बॅटऱ्या रिकाम्या.

ताईंचा आवाजाचा रेकॉर्डर पिशवीत होता. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा, भरलेला. कॅमेऱ्यात आवाज येतोच आहे म्हणून तो लावला नव्हता.

आजींना थांबायला सांगितलं असतं तर? ताईंनी विचारलं. आजी म्हणाल्या, "दळाण सरलं की बाय. आता जात्याबिगर कुठनं ईल त्ये?" सूप उचललं आणि चुलीकडे गेल्या.

थोड्या वेळाने धारा काढायची वेळ झाली. गोठ्यातला दिवा लागला नाही. आदल्या दिवशी ऊन नव्हतंच, आणि जे काही सोलरच्या बॅटरीत होतं ते दोन फोनांनी घेतलं होतं. घरातल्या वहिनी दातांत छोटी टॉर्च धरून म्हैस पिळत होत्या. तक्रारीचा शब्द नव्हता. वहीत ताईंनी त्या दिवसाखाली एवढंच लिहिलंय: पिन पुन्हा वापरायची नाही.

चौथ्या दिवशी समोर असलेले मार्ग

पाऊस दिवसभर. बँकेत अंदाजे चौथाई वीज शिल्लक. दोघं पडवीत बसून बोलत राहिले. एकेक मार्ग कसा तोलला ते दोघांच्या सांगण्यावरून लिहितो.

पहिला मार्ग, काम आवरून उतरायचं. ताईंना ते मान्य नव्हतं, आणि माझ्या मते ते बरोबर होतं. दसरा वर्षातून एकदा येतो.

दुसरा, छायाचित्रकाराने स्वतः खाली गावात जाऊन सगळं भरून आणायचं. दीड तास उतार, सव्वादोन तास चढ, मधे चार बॅटऱ्यांचे सोळा तास. म्हणजे मुक्काम. एक रात्र आणि एक पहाट जाणार. अंधारात परत येणं नको, वाट गव्यांची आहे.

तिसरा, उन्हाची वाट पाहायची. परतीचा पाऊस दोन दिवस राहील की पाच, कोण सांगणार. हाताशी उरलेल्या पाच दिवसांचं काम आभाळावर सोडायचं नाही, असं ताई म्हणाल्या.

चौथा मार्ग कामच बदलण्याचा. सगळं व्हिडिओत कशाला? आवाज रेकॉर्डरवर पूर्ण घ्यायचा, त्याला दोन सेल दहा-बारा तास पुरतात. व्हिडिओ निवडक: हात, जातं, चेहरा, एकेक ओवी पूर्ण. बाकी फोटो. हा मार्ग त्यांनी लगेच घेतला. आधीच घ्यायला हवा होता, कारण ताईंच्या अभ्यासाला लागणारं मूळ द्रव्य शब्द आणि चाल आहे. दोन रात्री सलग व्हिडिओ चालला तो छायाचित्रकाराच्या हौसेने, कामाची ती गरज नव्हती. हे तो स्वतःच म्हणाला.

पाचवा मार्ग या दोघांना सुचलाच नव्हता. संध्याकाळी यजमानांचा मुलगा गोठ्यातून आला, दोघांचे चेहरे बघून विचारलं, काय झालं. ऐकून म्हणाला, "आणि मी रोज पाटचं दूध घिऊन खाली जातोय त्ये? द्या की किटलीसंगं. संस्थेत लाइट असतीया. फ्याट मशीनला इनव्हटर बी हाय."

खालच्या गावातल्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ संकलन होतं. दुधाची फॅट काढायचं यंत्र विजेवर चालतं आणि लाइट गेली तरी दूध घ्यावंच लागतं, म्हणून त्याच्यामागे इन्व्हर्टर. कोल्हापूर जिल्ह्यात ज्या गावात दुसरं काही नाही तिथेही दूध संस्था असते, हे कोल्हापुरातल्या माणसाला सांगायला नको. तरीही चार दिवस या दोघांनी वीज पॅनेलमध्ये आणि पिशवीत शोधली. रोज पहाटे एक माणूस वीज असलेल्या ठिकाणी जातो आणि दहाला परत येतो, हे दोघांच्याही डोळ्यांसमोर घडत होतं. पहिल्या संध्याकाळी "खाली कोण, कधी जातं?" एवढं विचारलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक ही, बॅटऱ्यांची नव्हे.

काय केलं

पिशवीच्या तळाशी गेलेला भिंतीचा चार्जर आता बाहेर आला. तो एका वेळी एकच बॅटरी भरतो आणि चार तास घेतो, म्हणून सकाळी देऊन सकाळीच परत आणणं शक्य नव्हतं. ठरलं ते असं: पाचव्या पहाटे दोन बॅटऱ्या आणि चार्जर खाली जातील. सेक्रेटरी सकाळी एक लावतील, संध्याकाळच्या संकलनाला दुसरी. सहाव्या दिवशी भरलेल्या दोन वर येतील, रिकाम्या दोन खाली जातील. चार्जर तिथेच राहील. म्हणजे एका दिवसाचा उधार धरून काम बेतायचं.

बॅटऱ्या प्लास्टिकच्या डबीत, टोकांवर चिकटपट्टी लावून, डबी पुन्हा पिशवीत. पट्टी यासाठी की सुटी बॅटरी किल्ली, नाणं किंवा दुसऱ्या बॅटरीच्या टोकाला लागली तर तापते आणि पेटूही शकते. भिजल्या तर वेगळाच घोर. ताईंनी प्रत्येक बॅटरीवर नंबर घातला आणि सेक्रेटरींसाठी चिठ्ठी लिहिली. पैसे देऊ केले, मुलगा रागावला. शेवटी संस्थेत आलेल्यांचे फोटो काढून पुढच्या खेपेला छापून द्यायचे, एवढ्यावर तो मानला.

पाचव्या दिवशी वर दोन बॅटऱ्या उरल्या, त्या बँकेच्या तळाशी राहिलेल्या विजेवर दुपारी, लोक कामात असताना, भरून घेतल्या. कॅमेऱ्याच्या सेटिंग बदलल्या: वाय-फाय बंद, फोटो काढल्यावर आपोआप दिसणारं चित्र बंद, पडद्याचा उजेड कमी, मिनिटभरात झोपी जाणं चालू. रात्री काढलेले फोटो कॅमेऱ्यावर बघत बसायचं सोडलं. या बदलांनी फोटोच्या कामात चांगला फरक पडतो. व्हिडिओ चालू असताना फारसा नाही, कारण खर्च सेन्सर आणि प्रोसेसरचा असतो.

सहाव्या दिवशी खाली लाइट गेलेली. सेक्रेटरींनी चार्जर यंत्राच्या इन्व्हर्टरला लावला. तो पाच-सहा वॉटचा, इन्व्हर्टरला त्याचं ओझं नाही, तरी त्यांनी संकलन उरकल्यावरच लावला आणि एकच बॅटरी भरली. ते योग्यच. तिथे दुधाचा मान पहिला.

सातव्या दिवशी उघडलं. या वेळी पॅनेल अंगणात न टाकता वाडीच्या वरच्या कातळावर नेलं, दगड लावून सूर्याकडे तिरकं केलं आणि दर तासाला फिरवलं. बँक पॅनेलच्या पाठीमागे सावलीत ठेवली. उन्हात तापलेली लिथियम बॅटरी नीट भरत नाही आणि लवकर म्हातारी होते, 45 अंशांपुढे ती भरूच नये. 21 वॉटच्या पॅनेलवर भर उन्हात 12 वॉट मिळाले. चार तासांत बँकेत पस्तीसेक वॉट-तास गेले असावेत. पॅनेलला कॅमेरा थेट लावायचा मोह त्याने टाळला: ढग आला की पुरवठा तुटतो आणि काही उपकरणं पुन्हा आपोआप सुरू होत नाहीत. आधी बँक, बँकेवरून रात्री बॅटरी.

निकाल

साडेतेरा तास व्हिडिओची योजना होती. हाती आला सहा तासांच्या थोडा वर. रेकॉर्डरवर अकरा तास आवाज, त्याला लागल्या सेलच्या दोन जोड्या. दसऱ्याची रात्र पूर्ण मिळाली, आवाजात सगळी आणि चित्रात जेवढी ठरवली होती तेवढी. ताईंच्या मते शेवटच्या पाच दिवसांचं काम पहिल्या चार दिवसांपेक्षा चांगलं आहे, कारण केव्हा बटण दाबायचं हे आधी ठरलेलं असायचं.

चौथ्या पहाटेची दुसरी क्लिप नीट बंद झाली नव्हती. कार्डावरून सोडवून पाच-सहा मिनिटं निघाली. आठव्या दिवशी आजी पुन्हा दळायला बसल्या, ओव्या झाल्या, चांगल्या झाल्या. माहेरच्या वाटेची ओवी आली नाही. ताईंनी ती मागितली नाही. माझ्या मते त्यांनी योग्य केलं.

सोलरच्या पिनेबद्दल ताईंनी वहिनींना सांगून माफी मागितली. वहिनींनी हसून सोडून दिलं.

पुन्हा जायचं तर

दोघं माघात पुन्हा जाणार आहेत. त्यासाठी आम्ही तिघांनी बसून जे ठरवलं ते असं.

नव्या हिशेबात सगळं वॉट-तासांत. गरज 99. कंपनीच्या चार नव्या बॅटऱ्या, 29. त्यावर 20000 ची आणखी एक पॉवर बँक, म्हणजे दोन बँकांचे मिळून बॅटरीत उतरणारे 100. एकूण 129, उन्हाचा एक किरणही न धरता. दोन्ही बँकांचं वजन किलोच्या आत. म्हणजे नऊ दिवसांच्या कामाला पॅनेलपेक्षा दुसरी बँक जास्त भरवशाची होती. हे आकडे मांडेपर्यंत मलाही ते इतकं स्पष्ट नव्हतं. पॅनेलची गरज पंधरवड्यापुढच्या मुक्कामाला. आता ते न्यायचं ते यजमानांच्या दिव्यासाठी, वर ठेवूनच यायचं असं त्यांच्या मनात आहे.

12 व्होल्ट 7 अँपिअर-तासाची, यूपीएसमधली बॅटरी न्यावी का, असं त्याने विचारलं. ती 84 वॉट-तासांची, स्वस्त, कुठेही मिळते. पण दोन किलोच्या वर वजन, आणि निम्म्याखाली उतरवली तर लवकर खराब होते. गाडी जिथवर जाते तिथवर ठीक, डोक्यावर नको.

सर्वांत महत्त्वाचा बदल चार्जरचा. यूएसबीवर चालणारा, दोन बॅटऱ्या एकदम भरणारा चार्जर हजाराच्या आसपास मिळतो. तो असता तर तिसऱ्या रात्री कॅमेरा केबलला बांधलेला नसता. दोन चार्जर न्यायचे, दोन केबली न्यायच्या. रात्रभर एकाच जागी कॅमेरा लावायचा असेल तर बॅटरीच्या आकाराची डमी मिळते, तिची तार थेट पॉवर बँकेला जाते. बॅटरी भरण्यात वाया जाणारी वीज वाचते. मात्र अंधारात कुणाचा पाय तारेत अडकला की चित्रीकरण गेलं, म्हणून माणसांच्या गर्दीत ती नको.

स्वस्तातल्या दोन्ही बॅटऱ्या त्याने माझ्याकडेच टाकल्या. 60 वरून शून्यावर येणारी बॅटरी कमी क्षमतेच्या बॅटरीपेक्षा वाईट, कारण ती खोटं सांगते. एखाद्याला त्या परवडत असतील, फोटोंच्या फावल्या कामाला. जिथे क्षण परत येत नाही तिथे नकोत.

माघातली पहाट वर चांगलीच गार असते. थंडीत लिथियम बॅटरीचे व्होल्ट उतरतात आणि कॅमेरा ती संपली असं समजतो. बॅटरी शर्टच्या आतल्या खिशात ठेवायची, लावताना काढायची. संपलेली वाटली तर खिशात ऊब देऊन पुन्हा लावून बघायची, काही मिनिटं सुटतात. फोन दोन्ही पायथ्यालाच विमान मोडवर.

दूध संस्थेचा मार्ग या वेळी राखीव म्हणून ठेवलाय. जाताना सेक्रेटरींना भेटून, विचारून, संस्थेत आलेल्यांचे छापलेले फोटो देऊनच वर चढायचं.

आणि जातं सुरू झालं की आधी रेकॉर्डर, मग कॅमेरा. रेकॉर्डर आता ताईंच्या उशाशी राहील, पिशवीत नाही.